करवतीची किंमत

हत्यारांच्या किंमतीविषयीं आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाची समजूत मोठी चमत्कारिक आहे. आपला चष्मा, आपलें घड्याळ किंवा आपल्या खिशांतला फोन यांना किती पैसे पडले, हें आपण चारचौघांत सहज, किंबहुना थोड्या अभिमानानेंच सांगतों. पण घरीं कपाट करावयास आलेल्या सुतारानें आपली विजेची करवत चाळीस हजारांची आहे असें सांगितलें, म्हणजे ऐकणाराच्या मनांत पहिली शंका येते ती ही कीं, हे चाळीस हजार आतां आपल्याच बिलांतून वसूल होणार! डॉक्टरांच्या दवाखान्यांत महागडें यंत्र दिसलें तर आपला विश्वास वाढतो. सुताराच्या हातांत दिसलें तर संशय वाढतो. उत्तम हत्यार या एकाच वस्तूनें दोन ठिकाणीं असे दोन उलट परिणाम कां करावे, याचा थोडा विचार करावा असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें.

प्रश्न वरवर पाहतां अगदीं व्यवहारी आहे. सुतारानें महागडी विजेची करवत घ्यावी कीं घेऊं नये, आणि घेतली तर तिचे पैसे फिटतात काय? अमरावतीस आणि अकोल्यास हा वाद आम्हीं सुतारांच्या तोंडून अनेकदां ऐकला आहे. हत्यारांच्या दुकानांत गेलें असतां तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिल्या पायरीवर फरशी कापण्याचा चार-पांच इंची ‘कटर’. तो दोन-चार हजारांत मिळतो, आणि फरशीचें पातें काढून त्या जागीं लाकडाचें पातें बसविलें कीं तोच सुताराची करवत होतो. दुसऱ्या पायरीवर खास लाकडासाठीं केलेली सात इंची गोल करवत. तिला साधारण आठ-दहा हजार मोजावे लागतात. तिसऱ्या पायरीवर जर्मन किंवा जपानी बनावटीची, धातूच्या रुळावरून सरकणारी आणि धूळ ओढून घेणाऱ्या नळीला जोडतां येणारी करवत. तिची किंमत तीस-चाळीस हजारांपासून सुरू होते. सारा सरंजाम धरला तर ती लाखाच्या घरांतही जाते. पहिलीहून तिसरी दहा-वीसपट महाग. पण ती लाकूड कांहीं वीसपट वेगानें कापीत नाहीं. मग हे पैसे कशाचे?

उत्तराकडे जाण्यापूर्वी थोडें मागें वळून पाहिलें पाहिजे. वऱ्हाडांतील खेड्यांत सुताराला वाढई म्हणत, आणि अजूनही म्हणतात. बारा बलुतेदारांत त्याचें स्थान पहिल्या ओळींतलें. नांगर, वखर, डवरा, तिफण आणि बंडी हीं सारीं त्याच्या हातचीं. पाऊस तोंडावर आला असतां तिफण मोडली, तर शेतकरी धांव घेई ती त्याच्याकडे. त्याचें वेतन खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत या बलुतेदारीचें बारीक निरीक्षण केलें आहे, आणि तिचे दोष झांकून ठेवलेले नाहींत. आम्हांलाही तिचे गोडवे गावयाचे नाहींत. जन्मानें ठरलेला धंदा माणसाच्या गळ्यांत बांधणारी व्यवस्था गेली हें बरेंच झालें. पण तिच्यांत एक गोष्ट अशी होती कीं, सुताराच्या वाकसाला धार आहे कीं नाहीं याची काळजी शेतकऱ्यालाही वाटे. कारण त्या धारेवर त्याची पेरणी अवलंबून असे. हत्यार सुताराचें खरें, पण त्याच्या चांगलेपणांत गिऱ्हाइकाचा वांटा उघड दिसे. पुढें रोख मजुरी आली आणि हा धागा तुटला. हत्यार हा सुताराचा खाजगी खर्च झाला, आणि गिऱ्हाइकाला विचारावयाचा राहिला तो फक्त फुटाचा दर.

गंमत अशी कीं, ज्या १९१५ सालीं आत्रे यांचा ग्रंथ निघाला, त्याच सालीं जपानांत नागोया येथें माकिता नांवाच्या गृहस्थानें विजेच्या मोटरी विकण्याचें व दुरुस्त करण्याचें दुकान काढलें. आज जगांतील सुतारांच्या हातीं जीं विजेचीं हत्यारें दिसतात त्यांतील पुष्कळांवर त्याचेंच नांव असतें. १९२३ सालीं इंग्लंडांत जॉर्ज स्टर्ट या गाड्या बनविणाऱ्या कारखानदाराचें ‘द व्हीलराइट्स शॉप’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत खड्ड्यावर ओंडका आडवा टाकून, एक माणूस वर व एक खालीं असे दोघे मिळून आरा ओढीत, त्या जुन्या आरेकऱ्यांचें चित्र आहे, आणि यंत्रें आल्यावर कारागिराचा लाकडाशीं असलेला जुना परिचय कसा सुटत गेला याची हळहळही आहे. त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९२४ सालीं, अमेरिकेंत एडमंड मिशेल याची हातांत धरून चालवावयाची विजेची गोल करवत बाजारांत आली. ऊंस तोडण्याच्या कोयत्याला मोटर जोडण्याच्या खटपटींतून त्याला ती कल्पना सुचली, असें सांगतात. आणखी एका वर्षानें, १९२५ सालीं, जर्मनींत फेत्सर व श्टोल या दोघांनीं यंत्रांचा जो कारखाना काढला, त्याचाच पुढें ‘फेस्टूल’ झाला. महागड्या करवतींचा विषय निघाला कीं कारागीर हें नांव हटकून घेतात. म्हणजे हळहळ आणि करवत दोन्ही एकाच दशकांत जन्मास आलीं, आणि दोन्ही अद्याप जिवंत आहेत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वऱ्हाडचा सुतार मुळांत सागाच्या लाकडावर वाढलेला. मेळघाटचें जंगल उत्तरेला पसरलेलें, आणि परतवाड्यास लाकडाचा बाजार. पण १९७३-७४ मध्यें देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होतें. पुढें जंगलतोडीवरचे निर्बंध वाढत गेले, सागवानी लाकूड मध्यम वर्गाच्या आटोक्याबाहेर गेलें, आणि घरोघरीं प्लायवुड आलें. या बदलाचा करवतीशीं फार जवळचा संबंध आहे, आणि तो सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं.

सागाची फळी करवतीनें कापली कीं तिची कड खरबरीत राही. पण त्याची कोणाला फिकीर नसे, कारण करवतीनंतर रंधा यावयाचाच. करवतीचा अपराध रंधा पोटांत घाली. प्लायवुडावर, विशेषतः ज्याच्यावर चकचकीत पत्रा आधींच चिकटवून आला आहे अशा फळीवर, हा न्याय चालत नाहीं. तेथें रंधा मारण्याची सोय नाहीं. पात्यानें कड उडविली कीं ती उडालीच. तो दांतरा डाग घरधन्याच्या डोळ्यांसमोर दहा वर्षें राहतो. त्यांत ही फळी आठ फूट लांब व चार फूट रुंद. आठ फुटांत एक सूत फरक पडला तरी कपाटाचें दार लागत नाहीं. तात्पर्य, पूर्वी करवतीचें काम कच्चें असे आणि रंध्याचें पक्कें. आतां करवतीचा काप हाच शेवटचा काप झाला आहे. तिसऱ्या पायरीची करवत महाग असते ती वेगाबद्दल नव्हे, तर या शेवटच्या कापाबद्दल. रुळामुळें ती सरळ जाते, फळीच्या अंगाशीं दाबून बसणाऱ्या रबरी पट्टीमुळें कड उडत नाहीं, आणि ओझें पडलें तरी पात्याची गति कमी होत नाहीं.

आमच्या अमरावतीच्या घरीं पुस्तकांच्या मांडण्या करावयास जे मिस्त्री आले होते, त्यांच्यापाशीं अशी रुळाची करवत होती. वडिलांच्या हाताखालीं शिकलेले, चाळिशीच्या आंतबाहेरचे गृहस्थ. पेन्सिलीच्या खुणेवर ते रूळ ठेवीत, तो हातानें एकदां दाबून पाहत, आणि एका दमांत आठ फूट कापीत. कापलेल्या कडेवरून बोट फिरविलें तर खरखर लागत नसे. या यंत्राचे पैसे फिटतात काय, असें आम्हीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, “सर, पयले कापाले अर्धा घंटा लागे अन् कड घासाले एक घंटा. आता घासाचं कामच उरलं नाही.” थोडें थांबून ते पुढें म्हणाले, “महाग मशीन कोनती, सांगू? जे ऐन कामात बंद पडते, थे.”

हें उत्तर आम्हांला इतकें पटलें कीं प्रश्न तेथेंच सुटला असता. पण पुढें दोन-तीन महिन्यांनीं अकोल्यास आमच्या मेहुण्यांच्या घरीं जाणें झालें. तेथें दारांच्या चौकटी आणि एक दिवाण करण्याचें काम चालू होतें. तेथील मिस्त्री वयानें साठीजवळचे. करवत दुसऱ्या पायरीची, वापरून झिजलेली, पण पातें मात्र नवें व बारीक दात्यांचें. फळीवर अॅल्युमिनियमची सरळ पट्टी शिकंज्यांनीं आवळून ते तिच्या आधारानें कापीत होते. आम्हीं अमरावतीच्या करवतीची हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाले, “भाऊसाहेब, माह्यापाशी कामं येते चौकटीचे अन् दरवाज्याचे. त्या मशीनले मी काय देव्हाऱ्यात ठेवू?” त्यांचा काप अमरावतीच्या कापाहून कमी सुबक नव्हता; वेळ मात्र दुप्पट लागत होता. दोघेही आपापल्या परीनें बरोबर होते, ही या प्रश्नांतली खरी अडचण.

तेव्हां हिशेबच मांडून पाहूं. समजा, महाग करवत ६०,००० रुपयांची आणि मधली ९,००० रुपयांची. वर्षांत २५० दिवस काम चालतें असें धरूं. महाग करवत ५ वर्षें टिकली तर १,२५० दिवसांवर ती रक्कम वांटली जाऊन रोजचे ४८ रुपये पडतात. मधली २ वर्षें टिकली तर ५०० दिवसांवर ९,०००, म्हणजे रोजचे १८ रुपये. फरक ३० रुपयांचा. सुताराची रोजी ९०० रुपये आणि दिवस ८ तासांचा धरला, तर ३० रुपये म्हणजे सोळा मिनिटांची मजुरी. कड घासण्याचा तासभर वांचत असेल, तर सोळा मिनिटांची काय कथा? या हिशेबानें अमरावतीचे मिस्त्री शहाणे आणि अकोल्याचे मिस्त्री भोळे ठरतात.

पण कागदावरच्या हिशेबाची एक खोड असते. तो माणसाला वर्षअखेरीस गांठतो. माणसाला मात्र पैसे पहिल्या दिवशीं मोजावे लागतात. हे ६०,००० कर्जानें आणले आणि खाजगी सावकाराचें व्याज दरमहा शेंकडा २ असलें, तर पहिल्या वर्षीं मुद्दल तसेंच राहिल्यास व्याजाचेच १४,४०० रुपये होतात. म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशीं ५७-५८ रुपये. करवतीचा स्वतःचा रोजचा भार ४८, आणि तिच्या व्याजाचा त्याहून अधिक! हेंच कर्ज शेंकडा ५ वार्षिक व्याजानें मिळालें, तर तें व्याज वर्षाला ३,०००, म्हणजे रोजचे १२ रुपये. करवत तीच, लाकूड तेंच, हात तेच. पण एकाला ती परवडते आणि दुसऱ्याला ती बुडविते. करवतीची किंमत दुकानांतल्या चिठ्ठीवर असते असें आपण समजतों. ती पुष्कळ अंशीं सावकाराच्या वहींत असते.

शेंकडा ५ हा दर आम्हीं मनानें घेतलेला नाहीं. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें पारंपरिक कारागिरांसाठीं जी ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली, तिच्यांत १८ धंदे असून सुतार त्यांतला एक आहे. हत्यारांसाठीं १५,००० रुपयांचें साहाय्य, आणि तारणावांचून पहिल्यानें १ लाख व तें फेडल्यावर पुढें २ लाखांपर्यंत कर्ज शेंकडा ५ व्याजानें, अशी तिची योजना. १५,००० रुपयांत दुसऱ्या पायरीची उत्तम करवत, दोन चांगलीं पातीं आणि वर डोळ्यांचा चष्मा व नाकाची पट्टी एवढें येऊं शकतें. तिसरी पायरी येत नाहीं. तिसऱ्या पायरीला कर्जच लागतें. आणि कर्जाला लागतें तें बारमाही काम.

येथेंच हिशेबाची दुसरी खोड दिसते. वांचलेलीं सोळा मिनिटें किंवा वांचलेला एक तास याला किंमत केव्हां? तो तास दुसऱ्या कामाला विकतां आला तर. ज्याच्यापाशीं दिवाळीच्या व लग्नसराईच्या तोंडावर कामाची गर्दी आणि भर पावसाळ्यांत हातावर हात, त्याचा वांचलेला तास पावसाळ्यांत ओट्यावर बसून जातो. शहरांतून राजस्थानी व उत्तरेकडील कारागिरांच्या टोळ्या बंगलेच्या बंगले अंगावर घेतात. त्यांना करवत दिवसभर फिरवावी लागते, आणि त्यांची महागडी करवत खरोखर फिटते. खेड्यांतला वाढई महिन्यांतून चार दिवस प्लायवुड कापतो. त्याच्या हातीं तीच करवत म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

वऱ्हाडचें हवामान आणि अंतरें यांचाही विचार केला पाहिजे. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढें जातो. पत्र्याच्या छपराखालीं तर यंत्राला हात लावणें कठीण होतें. विजेचा दाब कधीं पडतो, कधीं चढतो. साध्या करवतीची मोटर जळली, तर आर्मेचर भरून देणारा कारागीर गांवांतच सांपडतो, आणि कार्बनचे ब्रश सुतार स्वतःच बदलतो. महागड्या करवतींत गति सांभाळणारी नाजूक विजेची पाटी असते. ती गेली कीं दुरुस्ती नव्हे, बदलच. तो सुटा भाग अमरावतीस न मिळाला तर दीडशें किलोमीटरांवरच्या नागपुराकडे किंवा त्याहून दूर मुंबई-पुण्याकडे पाहावें लागतें, आणि तेवढे दिवस साठ हजारांची वस्तु पेटींत पडून राहते. बंद पडलेली मशीन तीच महाग, हा अमरावतीच्या मिस्त्रींचा सिद्धांत येथें त्यांच्याच करवतीवर उलटतो. घटाच्या, म्हणजे बॅटरीच्या, करवतीनें वीज गेल्याची अडचण भागते हें खरें. परंतु उष्णतेनें घटाचें आयुष्य घटतें, आणि एका कंपनीचा घट बहुधा दुसरीच्या यंत्रांत बसत नसल्यामुळें, एकदां ज्या घरीं लग्न लागलें त्याच घरीं नांदावें लागतें.

आणखी एक गोष्ट अकोल्याच्या मिस्त्रींनीं आम्हांला न सांगतां शिकविली. लाकूड कापतें तें पातें. यंत्र त्याला फक्त फिरवितें. सागाच्या लाकडांत वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, आणि प्लायवुडांत वाळून कठीण झालेला डिंक. दोन्ही धारेचे वैरी. म्हणून दात्यांच्या टोकांना टंगस्टन कार्बाइड बसवितात. त्याला कानशीनें धार लागत नाहीं. हिऱ्याचें चाक लागतें. तीस-पस्तीस हजारांची करवत घेऊन तिला बोथट पातें लावणारे कारागीर आम्हीं पाहिले आहेत, आणि नऊ हजारांच्या करवतीला दीड हजारांचें साठ दात्यांचें पातें लावून तिच्याकडून राजवाड्याचें काम करून घेणारेही पाहिले आहेत. आपल्या जुन्या कारागिराचा निम्मा दिवस धार लावण्यांत जाई, आणि तो वेळ फुकट गेला असें त्याला कधीं वाटलें नाहीं. विजेनें हात मोकळा झाला. धारेच्या काळजींतून मात्र तो मोकळा झालेला नाहीं.

एवढ्यावर कोणी म्हणेल कीं, मग दुसरी पायरी हीच सुज्ञपणाची, आणि प्रश्न मिटला. तो मिटत नाहीं याचें कारण पहिली पायरी. दुसरी व तिसरी यांचा वाद करणारे सुतार सुखवस्तु होत. पुष्कळांचा खरा प्रश्न पहिलीवरून दुसरीवर कसें चढावें हा आहे. फरशीचा कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतो. लाकडाची सात इंची करवत पांच-साडेपांच हजार. तो कटर उलटा करून फळीच्या खालून पक्का करावयाचा, पातें फळीच्या चिरेंतून वर काढावयाचें, आणि हातानें लाकूड पुढें ढकलीत कापावयाचें, हा देखावा अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोठेंही नवीं घरें उठत असतील तेथें पाहावयास मिळतो. वर झांकण नाहीं, मागें कांहीं नाहीं.

“मागें कांहीं नाहीं” म्हणजे काय, हें समजण्यासाठीं पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रांतली माकडाची गोष्ट आठवावी. देवळाच्या कामावरचे सुतार अर्धवट चिरलेल्या लांकडांत पाचर ठोकून जेवावयास गेले. माकडानें ती उपटली, चीर मिटली, आणि माकड प्राणांस मुकलें. ‘अव्यापारेषु व्यापार’ करूं नये, एवढाच बोध आपण मुलांना त्यांतून काढून देतों. त्या गोष्टींत सुतारकीचा धडाही आहे, तो असा कीं, चिरलेलें लाकूड मिटूं पाहतें, आणि तें मिटूं नये म्हणून पाचर लागते. चांगल्या मेजाच्या करवतीला पात्याच्या मागें पातळ पोलादी पट्टी असते. ती ही पाचरच होय. ती नसली कीं लाकूड पात्याला आवळतें, पातें तें उलट फेंकतें, आणि तें ढकलणारा हात पात्यावर जातो. पंचतंत्राच्या काळच्या सुतारांना जें ठाऊक होतें, तें आजच्या स्वस्त कटरांत नाहीं. कारण तो मुळांत या कामासाठीं केलेलाच नाहीं.

पाश्चात्त्य देशांत या बाबतींत किती पुढें विचार झाला आहे, याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. स्टीव्ह गॅस नांवाच्या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्यानें, जो वकीलही होता, १९९९ सालीं अशी युक्ति काढली कीं, फिरत्या पात्याला कातडीचा स्पर्श झाला तर विजेच्या संकेतानें एका सेकंदाच्या दोनशेंव्या भागाच्या आंत तें पातें थांबावें. बोटाला एवढासा ओरखडा, आणि यंत्र बंद! त्या युक्तीचें मेज ‘सॉस्टॉप’ या नांवानें विकलें जातें, आणि २०१७ सालीं ती कंपनी फेस्टूलच्याच मालकांनीं विकत घेतली. धुळीचेंही तसेंच. लाकडाची धूळ मनुष्याला कर्करोग करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिलेला आहे. महागड्या करवतीला जोडलेली ती धूळ ओढणारी नळी दिवाणखाना स्वच्छ ठेवण्यासाठीं असते असें गिऱ्हाईक समजतें. ती सुताराच्या नाकासाठीं व छातीसाठींही असते.

म्हणजे तिसऱ्या पायरीच्या किंमतींत तीन किंमती मिसळलेल्या आहेत. एक सरळ कडेची, एक वांचलेल्या वेळेची, आणि एक बोटांची व फुप्फुसांची. पहिल्या दोन हिशेबांत येतात, म्हणून त्यांच्यावर वाद होतो. तिसरीला वहींत रकानाच नाहीं. घसाऱ्याच्या कोष्टकांत यंत्र किती वर्षांत झिजतें हें असतें. अंगठा किती वर्षांत झिजतो हें नसतें. आणि सुताराचा अंगठा गेला, तर रोजचे तीस रुपये वांचविण्याच्या हिशेबाला काय अर्थ राहिला?

या रकान्यांत आंकडा लिहिण्याचें काम सुतार एकटा करूं शकत नाहीं. कारण त्याचा दर तो ठरवीत नाहीं. तो दर आपल्या दिवाणखान्यांत ठरतो. आपण तिघां-चौघांकडून फुटाचा भाव मागवितों, आणि जो सर्वांत कमी बोलला त्याला काम देतों. तो कमी कां बोलला, हें आपण विचारीत नाहीं. तो कमी बोलतो कारण त्याची करवत दोन-तीन हजारांची आहे, तिला झांकण नाहीं, नळी नाहीं, पाचर नाहीं. ज्यानें कर्ज काढून चांगलें हत्यार घेतलें, तो फुटामागें चार रुपये अधिक सांगतो आणि काम गमावतो. पुढच्या खेपेस तोही शहाणा होतो. आपण दाराची बिजागरी कोणत्या कंपनीची, सनमायका कोणत्या छटेचा याची तासभर चिकित्सा करतों, “मिस्त्री, तुम्ही कापणार कशानें?” हा प्रश्न विचारीत नाहीं. खळ्यावर धान्य मोजून देणाऱ्या शेतकऱ्याला, त्याच्या सर्व दोषांसह, तो प्रश्न विचारावासा वाटे.

चारजणांनीं मिळून एक महाग करवत घ्यावी, असा उपाय कोणी सुचवितात. भागीचें घोडें किवणानें मेलें, ही म्हण आपल्या लोकांनीं अनुभवावांचून केलेली नाहीं; तरीही बाप-लेक, भाऊ-भाऊ किंवा एकाच आळींतले तीन मिस्त्री यांच्यांत हें साधतांना आम्हीं पाहिलें आहे. मोठ्या शहरांतून फळ्या मोठ्या यंत्रावर मापाप्रमाणें कापून देणारीं दुकानेंही निघालीं आहेत. तशीं तीं आपल्याकडे वाढलीं, तर खेड्यांतल्या वाढयाला साठ हजार गुंतविण्याचें कारण उरणार नाहीं. त्याच्या बंडीला व वखराला दुसरी पायरी पुरेशी आहे.

मग निर्णय काय? ज्याचें रोजचें काम पत्रा लावलेल्या फळ्यांचें आहे, ज्याला बारमाही काम आहे, आणि ज्याला व्याज शेंकड्याला पांच-दहा पडतें, सावकारी पडत नाहीं, त्यानें महाग करवत खुशाल घ्यावी. ती त्याचे पैसे फेडील. ज्याचें काम चौकटीचें व शेतीच्या औतांचें आहे, त्यानें मधली घ्यावी आणि वांचलेल्या पैशांपैकीं कांहीं पात्यावर खर्च करावे; त्याला कमीपणा नाहीं. फळीखालीं उलटा टांगलेला कटर मात्र कोणालाच परवडत नाहीं. तिन्हींत तोच सर्वांत महाग आहे, आणि त्याची किंमत कोणत्याही दुकानांत लिहिलेली नसते.

राहिले आपण, म्हणजे गिऱ्हाईक. फुटामागें चार रुपये हा फार मोठा त्याग नव्हे. दोनशें फुटांच्या कामाला आठशें रुपये होतात. तेवढ्यांत एका कुटुंबाचें हॉटेलांतलें एक जेवण होतें. ते देतांना आपण सुतारावर उपकार करतों असेंही समजण्याचें कारण नाहीं. कड सरळ येते ती आपल्याच कपाटाची, आणि दार नीट लागतें तें आपल्याच घराचें. आणि तें उघडतांना लावतांना, हें करणाऱ्या हाताला दहाही बोटें आहेत हें ठाऊक असणें, ही त्याच आठशें रुपयांत मिळणारी गोष्ट आहे.